उभ्या चेंडूचे गणित

सोलापूरहून हैदराबादकडे जाताना नळदुर्ग मागे टाकले की जळकोट लागते. तेथील एका मैदानावर काही मुली सॉफ्टबॉलचा सराव करीत होत्या आणि मी कडेला उभा राहून तो पाहत होतो. मातीत एक पत्र्याचा डबा ठेवलेला होता. डब्यात सिमेंट ओतून त्यात लोखंडी नळी उभी केली होती आणि नळीच्या वरच्या टोकाला शेतात पाणी देण्याच्या जाड रबरी नळीचा तुकडा बसवला होता. या रबरी तोंडावर चेंडू ठेवायचा आणि बॅटने मारायचा. ही झाली घरगुती 'बॅटिंग टी'. विकतची टी आणि ही, यांत कामापुरता काहीही फरक नाही. रबर मात्र हवेच, कारण बॅट चुकून खाली लागली तर नळीने वाकले पाहिजे, मनगटाने नव्हे.

त्यांच्यातील एक मुलगी माझ्याजवळ येऊन जरा चिडूनच म्हणाली, "सर, सामन्यात चेंडू काय असा उभा राहतो? उभा चेंडू मारून काय शिकायचे?"

प्रश्न अगदी रास्त होता. तिला दिलेले उत्तर तुम्हालाही सांगतो, कारण ते पदार्थविज्ञानातले आहे.

सॉफ्टबॉलचा चेंडू नावाप्रमाणे मऊ मुळीच नसतो. त्याचा परीघ सुमारे ३०.५ सें.मी. आणि वजन १८० ग्रॅमच्या आसपास असते. समजा, एक बॅट दोरीने टांगली आहे आणि तिच्यावर दर सेकंदाला २० मीटर वेगाने चेंडू येऊन आदळला. तो किती वेगाने परत फिरेल? प्रयोगांवरून असे दिसते, की तो येण्याच्या वेगाच्या साधारण पाचव्या हिश्शाने परततो, म्हणजे दर सेकंदाला ४ मीटर. बाकीची ऊर्जा बॅटला मागे ढकलण्यात आणि चेंडू चेपण्यात खर्ची पडते.

आता त्या बॅटवर एक मुंगी बसली आहे अशी कल्पना करा. टीवर चेंडू स्वस्थ आहे आणि बॅट दर सेकंदाला २० मीटर वेगाने त्याच्याकडे निघाली आहे. एस.टी.त बसल्यावर जशी झाडे आपल्याकडे धावत येतात, तसा मुंगीला चेंडूच २० मीटरच्या वेगाने अंगावर येताना दिसेल. आदळल्यावर तो तिच्यापासून ४ मीटरच्या वेगाने दूर जाईल. पण मुंगी स्वतः २० च्या वेगाने पुढे चालली आहे! म्हणून मैदानावर उभ्या असलेल्या आपल्याला चेंडूचा वेग २० + ४, म्हणजे २४ मीटर दिसेल.

याच चेंडूला आता पिचरने २० मीटरच्या वेगाने फेकू द्या. मुंगीला तो ४० च्या वेगाने येताना दिसेल, ८ च्या वेगाने परतेल, आणि आपल्याला दिसेल २० + ८, म्हणजे २८.

उभ्या चेंडूला २४ आणि फेकलेल्या चेंडूला २८! त्या २८ पैकी पिचरची देणगी फक्त ४, बाकीचे सगळे बॅटचे. चेंडू लांब जातो तो वेगाने आला म्हणून, असा समज मोठ्या खेळाडूंचाही असतो. पण पिचरचा वेग १ मीटरने वाढला तर आपल्याला ०.२ मीटर मिळतात, आणि बॅटचा वेग १ मीटरने वाढला तर १.२ मीटर. बॅटचा वेग वाढवायला पिचर कशाला हवा? गावात चांगला पिचर नसेल तरी तुमचे फारसे अडत नाही.

हे ऐकल्यावर ती मुलगी म्हणाली, "मग माझ्यात ताकदच कमी आहे. माझा चेंडू पुढेच जात नाही." जिल्ह्याच्या निवडीसाठी जाऊ की नको, असा तिचा विचार चालला होता.

ताकदीचे नंतर पाहू, आधी मोजू, असे मी म्हटले. आम्ही चेंडूला खडूची भुकटी चोळली. तिने दहा फटके मारले आणि प्रत्येक फटक्यानंतर बॅटवर उमटलेल्या पांढऱ्या डागाचे टोकापासूनचे अंतर पट्टीने मोजून वहीत लिहिले. नंतर डाग पुसून पुढचा फटका. दहाही डाग टोकापासून २८ ते ३२ सें.मी.च्या आत होते.

प्रयोगशाळेत तुम्ही वाचने घेता तेव्हा चुका दोन प्रकारच्या असतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. वाचने इकडेतिकडे विखुरलेली असली तर हात अजून बसलेला नाही. ती एकमेकांजवळ असली, पण सगळीच्या सगळी एका बाजूला सरकलेली असली, तर हात बसला आहे; मांडणी चुकली आहे. पहिली चूक जायला महिने लागतात, दुसरी एका दिवसात जाऊ शकते. या मुलीची चूक दुसऱ्या प्रकारची होती. आणि फेकलेल्या चेंडूवर हा भेद कधीच कळला नसता, कारण तेथे प्रत्येक चेंडू निराळा. चूक चेंडूची की आपली, हे कोण सांगणार? टी एवढेच करते, की चेंडू तोच ठेवते आणि बदलते फक्त तुमची बॅट.

डाग कोठे पडायला हवे होते? त्यासाठी बॅटच्या मुठीचे टोक दोन बोटांत सैल धरून बॅट लोंबती ठेवा आणि दुसऱ्या हाताने लहान हातोडीने किंवा लाकडाच्या तुकड्याने तिच्यावर ठिकठिकाणी हलकेच टकटक करा. बहुतेक ठिकाणी बोटांना झिणझिणी जाणवेल. जाड टोकापासून सुमारे १५ सें.मी. अंतरावर ती जवळजवळ नाहीशी होईल. हा बॅटच्या कंपनाचा निस्पंद बिंदू. येथे चेंडू लागला तर ऊर्जा कंपनात वाया जात नाही, आणि थंडीच्या सकाळी हातही झणझणत नाहीत!

आता तिचा हिशेब करा. फटक्याच्या क्षणी बॅट साधारण मुठीच्या टोकाभोवती फिरते असे धरू. बॅट ८२ सें.मी. लांब असली, तर निस्पंद बिंदू मुठीपासून ६७ सें.मी. वर आणि तिचे डाग ५२ सें.मी. वर. फिरणाऱ्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूचा वेग अक्षापासूनच्या अंतराच्या प्रमाणात असतो. निस्पंद बिंदूचा वेग २० असेल, तर तिच्या डागाचा वेग साडेपंधरा. चेंडू सुटणार २४ ऐवजी साडेअठराने, आणि कंपनात जाईल ते वेगळेच.

हवेचा विरोध सोडून दिला आणि चेंडू १५ अंशांनी वर गेला असे मानले, तर २४ च्या वेगाने सुटलेला चेंडू मूळ उंचीवर परत येईपर्यंत सुमारे २९ मीटर जातो, साडेअठराचा जेमतेम साडेसतरा. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर १८.३ मीटर असते. म्हणजे तिचा चेंडू आतल्या क्षेत्ररक्षकांच्या हातात पडत होता, आणि तीच मुलगी, त्याच ताकदीने, तो त्यांच्या डोक्यावरून काढू शकत होती. ती टीपासून १५ सें.मी. मागे सरकली. डाग लगेच टोकाकडे सरकले. चेंडू पहिल्या चार फटक्यांत मात्र कोठेही गेला, कारण सवयीला तिची जुनी जागा हवी होती. पाचवा पलीकडच्या बाभळीखाली पडला, आणि तो आणायला तीच धावत गेली.

उंचीचे गणितही असेच सोपे आहे. चेंडूची त्रिज्या ४.८५ आणि बॅटची २.८५ सें.मी., बेरीज ७.७. बॅटचा मध्य चेंडूच्या मध्याखाली जितका असेल त्याला ७.७ ने भागले, की चेंडूला धक्का किती अंशांवर बसतो त्या कोनाची ज्या मिळते. २ सें.मी. खाली मारले तर सुमारे १५ अंश, ४ सें.मी. खाली मारले तर ३१. दोन सें.मी.चा हा सारा खेळ आहे, आणि बॅट व चेंडू एकमेकांना चिकटून असतात सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरते. एवढ्या वेळात बॅट अवघी २ सें.मी. पुढे जाते. म्हणून चेंडू लागल्यावर त्याला 'ढकलण्याचा' प्रयत्न व्यर्थ आहे. जे करायचे ते त्याआधी झालेले असते.

टी काय शिकवत नाही, हेही सांगायला हवे. स्त्रियांच्या सामन्यात पिचर १३.११ मीटरवरून चेंडू टाकते. २० मीटरच्या वेगाने तो अर्ध्या सेकंदापेक्षा थोड्या अधिक वेळात तुमच्यापाशी येतो. तेवढ्यात मारायचा की सोडायचा हे ठरवणे उभ्या चेंडूवर जमणार नाही. त्याला माणूसच हवा.

तुम्ही हा प्रयोग करणार असाल तर समोर गोणपाटाचा जाड पडदा टांगा आणि बॅटच्या फेऱ्यात कोणालाही उभे राहू देऊ नका. वहीत तीन रकाने आखा: टीची उंची, डागाचे टोकापासून अंतर, चेंडू कोठे पडला. पहिले दहा फटके नेहमीच्या जागी मारा. मग स्वतः जागचे न हलता टी एक वीत पुढे, पिचरच्या दिशेने सरकवून दहा मारा, आणि नंतर एक वीत मागे ठेवून दहा. चेंडू डावीकडे केव्हा जातो, उजवीकडे केव्हा, हे पाहा. बॅट त्या क्षणी कोणत्या कोनात असते याची आकृती काढली, तर कारण तुम्हालाच सापडेल. डावखुऱ्यांची आकृती उलटी येईल.