हेलियमच्या थेंबात रेणू किती सुरक्षित?



नोकरीनिमित्त मी काही वर्षे चेन्नईच्या उत्तरेला एन्नोर येथे राहिलो. बंदर, कारखाने, औष्णिक वीज केंद्र आणि त्यांच्यामध्ये वसलेली कोळ्यांची गावे, असा तो भाग. २६ डिसेंबर २०२३ च्या रात्री तेथे समुद्राखालच्या पाइपलाइनमधून अमोनिया गळला. लोकांना घरे सोडून बाहेर पडावे लागले, अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. अशा प्रसंगी पहिला प्रश्न असतो तो हवेत नेमके काय मिसळले आहे, हा. वायू ओळखण्याची एक खात्रीची रीत आणि तिच्यातली अडचण आज समजून घेऊ.

वजनावरून ओळख

मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र रेणूला त्याच्या वस्तुमानावरून ओळखते. त्यासाठी आधी रेणूवर साधारण ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडतात. रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडून जातो आणि रेणूचा धनभारित आयन होतो. यालाच आयनीभवन म्हणतात. अमोनियाचे वस्तुमान १७, म्हणून १७ वर रेषा मिळते.

पण हा मार जबर असतो. पुष्कळ रेणू फुटतात. अमोनियाचा एक हायड्रोजन निघून गेला की १६ वर दुसरी रेषा येते आणि ती १७ च्या रेषेच्या सुमारे ८० टक्के उंच असते. मिथेनचे वस्तुमानही १६ आहे. शिवाय पाण्याचा रेणू (१८) फुटला की १७ चा तुकडा मिळतो. समुद्रकाठच्या दमट हवेत १७ ची रेषा दिसली, तर ती अमोनियाची की पाण्याची? रेणू न फोडता आयन करता आला, तर हा घोळ बराच कमी होईल.

थंडगार थेंब

यावर एक कल्पना पुढे आली: रेणू हेलियमच्या थेंबात ठेवून आयनीभवन करावे. दाबाखालचा, १० ते २० केल्विनपर्यंत थंड केलेला हेलियम अतिसूक्ष्म छिद्रातून निर्वात कक्षात सोडला, की त्याचे नॅनोथेंब बनतात. ५,००० अणूंच्या थेंबाचा व्यास ८ नॅनोमीटरच्या आतच असतो आणि तापमान सुमारे ०.४ केल्विन. वाटेत एखादा रेणू भेटला, तर थेंब त्याला पोटात घेतो.

आता इलेक्ट्रॉन सोडला, तर तो बहुधा हेलियमच्याच एखाद्या अणूवर आदळतो, कारण तेथे अणू हजारो आणि रेणू एकच. हेलियमचा आयन होतो. तो धनभार शेजारच्या अणूंवर उड्या मारत काही वेळा रेणूपर्यंत पोहोचतो आणि रेणूतला इलेक्ट्रॉन ओढून घेतो. रेणूवर थेट मार बसलाच नाही, तेव्हा तो शाबूत राहील असे आपल्याला वाटते.

हिशेब करून पाहू

हेलियमच्या आयनीभवनाला २४.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, अमोनियाच्या सुमारे १०.१. भार रेणूवर गेला की उरलेले १४.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट त्याच्या वाट्याला येऊ शकतात. अमोनियाच्या आयनातला एक हायड्रोजन तोडायला ६ पेक्षाही कमी पुरतात. म्हणजे ज्याला आपण ढाल समजलो, तोच हेलियम रेणूला फोडण्याइतकी ऊर्जा देतो!

थेंब बचावही करतो. त्याचे अणू उडून जाताना उष्णता नेतात, पण एक अणू जेमतेम ०.०००६ इलेक्ट्रॉन व्होल्ट नेतो. १ इलेक्ट्रॉन व्होल्ट काढायला सुमारे १,६०० अणू लागतात, १४.५ साठी सुमारे २४,०००. ५,००० अणूंचा थेंब पूर्ण आटला तरी ३ इलेक्ट्रॉन व्होल्टच नेईल. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून दोन गोष्टी कळतात. थेंब मोठा असेल तर बचाव चांगला. आणि थंडावा बंध तुटण्याआधी पोहोचला पाहिजे. उशिरा आलेली कुमक कामाची नाही. प्रयोगांतही हेच दिसते: थेंबात विखंडन कमी होते, थांबत नाही. कधी कधी तुटलेले तुकडे हेलियमच्या वेढ्यामुळे बाहेर पडू शकत नाहीत आणि पुन्हा जुळतात.

दुसरी वाट

हेलियमला आयन न करता नुसते उत्तेजित केले, तर तो आपली ऊर्जा रेणूला देतो आणि रेणूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. हे पेनिंग आयनीभवन. येथे जादा ऊर्जेचा मोठा वाटा बाहेर पडणारा इलेक्ट्रॉनच घेऊन जातो. त्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजली की रेणूची माहितीही मिळते. आयआयटी मद्रास, आयआयटी हैदराबाद, पुण्याची आयसर आणि परदेशी संस्थांतील शास्त्रज्ञांनी मिळून इटलीतील त्रिएस्ते येथे ॲसिटिलीनवर असे प्रयोग केले. ॲसिटिलीन म्हणजे वेल्डिंगचा वायू. थेंबात त्याचे अनेक रेणू एकत्र आले तरी ते रासायनिक बंधाने जोडले जात नाहीत, नुसते सैलसर चिकटून राहतात, असे त्यांना आढळले.

हे उपकरण गळतीच्या जागी नेता येत नाही. त्याला निर्वात कक्ष आणि अतिशीत हेलियम लागतो. पण रेणू कधी आणि का फुटतो हे येथे कळले, तरच शोधक यंत्राने दाखवलेल्या रेषेचा अर्थ नीट लावता येतो. रेषा दिसली की लगेच नाव देऊ नका. आधी विचारा: हा अख्खा रेणू आहे की कशाचा तुकडा?

स्वाध्याय: ॲसिटिलीनच्या आयनीभवनाला ११.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. हेलियमच्या आयनाकडून भार आल्यास जादा ऊर्जा किती उरेल? ती सगळी काढायला किती अणू उडावे लागतील? (उत्तर: १३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. सुमारे २२,००० अणू.)