जुना मोबाइल, मोटारसायकल आणि कोकणातील आडरस्ते

मुंबई-गोवा महामार्गावरील लोटे हे खेड तालुक्यातील औद्योगिक गाव. सन 2022 मध्ये नजीकचा परशुराम घाट काही काळ वाहतुकीस बंद ठेवावा लागला, तेव्हा हलकी वाहने चिरणी-आंबडसच्या आडरस्त्याने वळविण्यात आली. अशा वेळी रात्रपाळीच्या कामगारास अगर आरोग्यसेवकास वाट दाखविणारे साधन किती निकडीचे असते, हे वेगळे सांगणे नलगे.

त्यासाठी महागड्या यंत्राचे कारण नाही. घरी पडून असलेला जुना मोबाइल पुरतो. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की तो स्थान निश्चित करतो. सिमकार्डही लागत नाही. नकाशा मात्र घरीच उतरवून घ्यावा.

खरे काम जोडणीचे. मोटारसायकलची बॅटरी 12 व्होल्टची, मोबाइलला हवेत 5. म्हणून मध्ये व्होल्टेज उतरविणारा परिवर्तक बसवावा, बॅटरीलगत 2 अँपिअरचा फ्यूज घालावा आणि तार चावीच्या स्विचमागून घ्यावी. अन्यथा सकाळी बॅटरी उतरलेली आढळते. (प्रस्तुत लेखकास हा धडा एकदा मिळाला आहे.) इंजिनाच्या कंपनाने कॅमेऱ्यातील नाजूक भाग बिघडू शकतो, येथेही जुनाच मोबाइल सोयीचा. पावसास पारदर्शक पिशवी चालते, परंतु उन्हात ती काढावी, मोबाइल तापतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ऑक्टोबर 2020 पासूनच्या तरतुदीनुसार वाहन चालविताना मोबाइल केवळ मार्ग पाहण्यासाठी, तोही चालकाचे लक्ष विचलित न होता वापरता येतो. तेव्हा मुक्कामाचे ठिकाण गाडी उभी असतानाच नोंदवावे. आणि घाट बंद झाल्याची वार्ता उतरवून ठेवलेल्या नकाशाला कळत नाही. ती नाक्यावर विचारूनच पुढे निघावे.