गोबरगॅस: खर्च किती, वाचतं किती?

दावणीला चार-पाच जनावरं असतील, तर देवपूर आणि आसपासच्या शिवारात घरापुरता दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो. त्याला रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. जमिनीखालचा दीनबंधू पद्धतीचा घुमट बांधायचा, तर विटा, सिमेंट, गवंडी, पाइप, शेगडी धरून चाळीस-पन्नास हजारांची तयारी ठेवा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. घुमटाला बारीक तडा गेला तरी गॅस टिकत नाही. म्हणून पायात काटकसर नको.

अंदाजपत्रकात हमखास राहून जातो तो पहिला भरणा. 40 दिवसांचा माल टाकीत राहतो, म्हणजे सुरुवातीलाच सुमारे दोन टन शेण हवं. घरचं पुरलं नाही, तर ट्रॉली विकत आणावी लागते. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो सोडून द्या. मात्र काडी लावून पाहायची ती शेगडीवरच, टाकीजवळच्या पाइपाला कधीच नाही. एलपीजीची शेगडी चालणार नाही, बायोगॅसची वेगळी घ्यावी लागते.

पऱ्हाट्या टाकू का, असं कापूसवाले विचारतात. नका टाकू. त्या लाकडासारख्या कठीण, टाकीत कुजतच नाहीत. केळीचे खांब बारीक चिरून शेणात थोडे-थोडे मिसळता येतात.

आता बचत. दोन घनमीटर गॅस म्हणजे साधारण 0.9 किलो एलपीजी, महिन्याला जवळपास दोन सिलिंडर. हे झालं कागदावर. घरात महिन्याला एकच सिलिंडर लागत असेल, तर वाचणारही एकच. त्यात डिसेंबर-जानेवारीत थंडीने गॅस कमी पडतो. सिलिंडर साडेआठशेचा धरला, तर अनुदान वजा जाऊनही पैसे फिटायला तीन वर्षं सहज जातात. माझ्या मते खरी कमाई बाहेर पडणाऱ्या स्लरीत आहे. ती शेतात पडत नसेल, तर हा खटाटोप करू नये. आणि रोज सकाळी शेण कालवणारा माणूस घरात हवा, नाहीतर टाकी बंद पडलीच म्हणून समजा.

राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमाच्या 2021-26 या टप्प्यात 2 ते 4 घनमीटरला सर्वसाधारण गटासाठी 14,350 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 22,000 रुपये अनुदान ठरलं होतं. खड्डा खोदण्याआधी पंचायत समितीच्या कृषी विभागात जाऊन चालू दर आणि मंजुरीची रीत विचारा.