घरच्या सिटिझन बँड रेडिओकरिता अल्पखर्ची अँटेना

कळमेश्वर भागातील ज्या बागाइतदारांच्या विहिरीवर रात्रीच्या पाळीने वीज येते, त्यांचा सालदार काळोखात एकटाच वावरात असतो. वादळाने मोबाइलचा मनोरा बंद पडला म्हणजे त्याची हाक घरापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी सिटिझन बँड रेडिओ उपयोगी पडतो. त्यास अँटेना कोणती लावावी हा प्रश्न पैशाचा वाटतो. परंतु तो मुख्यतः लांबीचा व उंचीचा आहे, हे येथे दाखवावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम कायदा पाहू. 2005 साली केंद्र सरकारने 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा 5 वॅटपर्यंतच्या यंत्रांस परवान्यावाचून खुला केला. ही मर्यादा पेटीवर छापलेल्या शक्तीची नसून अँटेनेतून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या शक्तीची आहे. आणि ती साध्या डायपोल अँटेनेशी ताडून मोजतात. सबब 5 वॅटच्या यंत्रास शक्ती एकवटणारी महागडी अँटेना जोडल्यास पैसा जातोच, शिवाय मर्यादाही ओलांडली जाण्याचा संभव असतो. यंत्र मान्यताप्राप्त नमुन्याचे घ्यावे व घरावर अँटेना उभारण्यापूर्वी दूरसंचार विभागाकडून चालू नियम विचारून घ्यावा.

डायपोल म्हणजे तांब्याच्या तारेच्या दोन समान भुजा होत. या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे 11 मीटर असते. तिच्या चौथाईहून किंचित कमी, म्हणजे 2 मीटर 63 सेंटीमीटर, एवढी प्रत्येक भुजा असावी. आरंभी ती 10 सेंटीमीटर जास्त ठेवावी. एक भुजा केबलीच्या मधल्या तारेस व दुसरी बाहेरच्या जाळीस जोडून सांधा पाण्यापासून बंद करावा. एसडब्ल्यूआर मापकाचा आकडा दीडच्या आसपास येईपर्यंत दोन्ही भुजा सारख्याच थोड्या थोड्या कापाव्या. आकडा तीनच्या वर असता बोलत राहिल्यास यंत्र बिघडू शकते.

अँटेना उभी टांगावी, कारण वावरातील हातयंत्राची अँटेनाही उभीच धरतात; एक उभी व एक आडवी असल्यास आवाज फार क्षीण होतो. नायलॉनच्या दोरीने ती बांबूच्या आधारे पत्र्याच्या छपरापासून दूर व जितकी उंच नेता येईल तितकी न्यावी. केबल 50 ओहमची, गरजेपुरतीच घ्यावी. बारीक केबल 30 मीटर झाली तर 5 वॅटपैकी सुमारे 2 वॅट वाटेतच नष्ट होतात. वाचलेला पैसा उंचीवर घालावा. घरची अँटेना उंच असली म्हणजे घरचा आवाज दूर जातो, इतकेच नव्हे, तर वावरातील क्षीण हाकही ऐकू येते.

दोन गोष्टींत मात्र काटकसर करू नये. विजेच्या तारांपासून बांबूच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर राखावे. आभाळ गडगडण्यापूर्वीच केबल यंत्रापासून सोडून घराबाहेर ठेवावी, व वीज चमकत असता तिला हात लावू नये. ज्या वादळासाठी ही सोय करावयाची, तेच वादळ माथ्यावर असता ती वापरता येत नाही. म्हणून ढग दिसताच सालदारास घरी बोलावून घेणे, हाच या यंत्राचा खरा उपयोग होय.