वळू कधी बदलावा?



वळू गरीब स्वभावाचा आहे, गाई वेळेवर फळतात, मग तो बदलायचा कशाला, असे पुष्कळजण विचारतात. याचे उत्तर त्याच्या कालवडींकडे पाहून द्यावे लागते. त्याची पहिली कालवड माजावर येण्याआधी त्या कळपातले त्याचे काम संपले पाहिजे.

हिशेब सोपा आहे. गाय नऊ महिने आणि वर थोडे दिवस गाभण असते. संकरित कालवड सव्वा ते दीड वर्षात माजावर येते. खिलारसारख्या देशी कालवडीला बहुधा अडीच-तीन वर्षे लागतात. म्हणून संकरित गाईंत दोन वर्षांनी व देशी गाईंत तीन वर्षांनी वळू बदलावा. त्याचे गोऱ्हे वर्षाच्या आत खच्ची करावेत, नाहीतर तेच आईला व बहिणींना लागतात.

प्रत्येक जनावरात काही दोष झाकलेले असतात. आईबाप दोघांकडून एकच दोष आला, की तो वासरात उघडा पडतो. बापलेकीच्या संबंधातून झालेल्या वासरात असा दुहेरी एकसारखा वारसा येण्याचा संभव २५ टक्के असतो. सावत्र बहीणभावांच्या वासरात साडेबारा टक्के. मग वासरे अशक्त निपजतात, वाढ खुंटते, दूध घटते, गाई वारंवार उलटतात. आपण दोष चाऱ्याला देतो.

नवा वळू नात्यातला नसावा. त्याच्या आईचे दूध व वेते विचारून घ्या. दोन्ही अंड सारखे व भरलेले, पाय सरळ, चाल मोकळी असावी. आणल्यावर महिनाभर वेगळा बांधा आणि पशुवैद्यांकडून रक्त तपासून घ्या. वळूमार्फत गर्भपाताचे रोग पसरू शकतात. त्यांपैकी ब्रुसेलोसिस माणसालाही होतो: चढउताराचा ताप, सांधेदुखी, घाम. म्हणून गाभडलेल्या गाईचा गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नये. चुना टाकून खोल पुरावा. दूध उकळूनच प्यावे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या रोगाची लस टोचून घ्यावी. वळूला मात्र ती देत नाहीत.

वळू लावल्याची तारीख वहीत लिहा. गाय साधारण २१ दिवसांनी पुन्हा माजावर आली नाही तरी तेवढ्यावर विसंबू नका. तीन महिन्यांनी तपासून घ्या. एकामागून एक गाई उलटू लागल्या, तर आधी वळू तपासा.

जुना वळू निरोगी असेल तर दूरच्या गावच्या वळूशी अदलाबदल करता येते. रोगी वळू कोणाच्याही गळ्यात बांधू नये. तो शेजाऱ्याच्या घरात दुखणे घालणे होय. वळू खच्ची करून कामाला ठेवायचा असेल, तर खच्ची केल्यावरही काही आठवडे त्याला गाईंपासून दूर ठेवा.

दोन-तीन गाई असलेल्या घराने वळू पोसण्यापेक्षा कृत्रिम रेतन परवडते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावे. तेथेही वळूचा क्रमांक लिहून ठेवा, म्हणजे पुढे लेकीला त्याच बापाचे रेत दिले जाणार नाही.

आज घरी गेल्यावर एवढे करा: आपल्या वळूने काम कधी सुरू केले आणि त्याची थोरली कालवड किती महिन्यांची झाली, हे लिहून काढा. येत्या रविवारी मिस्सानंतर चार घरांनी आपापल्या वह्या ताडून पाहिल्या, तर वळू कोणी, कधी व कोठून आणावा, हे तेथेच ठरेल.