बी पेशींची मेस

कंट्रोल सिस्टिम्सच्या लेक्चरला पहिला प्रश्न हमखास येतो : सेन्सर कुठे आहे? आता अशी एक सिस्टिम बघा, जिच्यात मोजणारं कुणीच नाही आणि तरी आकडा स्थिर राहतो.

प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, ज्यांच्यापासून मिळतात त्या बी पेशी हाडांतल्या मज्जेत रोज नव्याने तयार होतात. प्रत्येकीचा रिसेप्टर जीन्सच्या तुकड्यांची रँडम जुळवाजुळव होऊन बनतो. रँडम म्हटल्यावर व्हायचं तेच होतं, बऱ्याच पेशी आपल्याच शरीराला शत्रू समजतात. २००३ सालच्या एका संशोधनात माणसाच्या मज्जेतल्या कोवळ्या बी पेशींपैकी निम्म्याहून जास्त अशा घरभेदी निघाल्या! काहींचा रिसेप्टर तिथेच बदलला जातो, काही मारल्या जातात. पण काही निसटतातच.

निसटलेल्यांची गाठ पडते 'बॅफ'शी. १९९९ मध्ये सापडलेलं हे प्रथिन मिळालं तर बी पेशी जगते, नाहीतर मरते. बॅफ साधारण ठरावीक प्रमाणात बनतं आणि बी पेशी ते खाऊन संपवतात. आपल्या मेससारखंच आहे की! पोळ्या रोज तेवढ्याच. होस्टेल फुल्ल असेल तर मारामारी, दिवाळीत चारच जण उरले तर प्रत्येकाला हवं तेवढं. म्हणजे पेशी घटल्या की बॅफ आपोआप वाढतं. हजेरी घ्यायला रेक्टर नकोच.

खरी गंमत पुढे आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की घरभेदी पेशींना जगायला बॅफ जास्त लागतं. त्यामुळे गर्दीत त्या आधी उपाशी मरतात. पण बॅफ जास्त झालं तर? अशा उंदरांना ल्युपससारखा आजार झाला. ल्युपस म्हणजे शरीराने स्वतःच्याच किडनी, त्वचा, सांध्यांवर केलेला हल्ला. तरुण मुलींमध्ये तो जास्त दिसतो. बॅफ अडवणारं बेलिमुमॅब हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत ल्युपससाठी मंजूर झालं.

दुसरा उपाय म्हणजे रिटुक्सिमॅब देऊन बी पेशीच काढून टाकायच्या. ऐकायला बरं वाटतं, पण मग मेस रिकामी! बॅफ वाढतं, आणि मज्जेतून नव्याने येणाऱ्या पेशींना, त्यातल्या घरभेद्यांनासुद्धा, भरलेलं ताट मिळतं. म्हणून डॉक्टरांनी दोन्ही औषधं एकापाठोपाठ देऊन पाहिली. निकाल आतापर्यंत संमिश्रच आहेत.