कातळाची जन्मपत्रिका

कर्जतहून निघालेली आगगाडी पळसदरी मागे टाकून बोरघाट चढू लागली, म्हणजे प्रवाशाची दृष्टी सहजच खिडकीबाहेर वळते. एका बाजूस खोल दरी आणि दुसऱ्या बाजूस सुरुंगांनी फोडलेला काळाकभिन्न कातळ! हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. तो खोदताना हजारो मजुरांना या कातळाच्या कठीणपणाचा पुरेपूर प्रत्यय आला. त्याच्याही सुमारे दोन हजार वर्षे आधी मावळातील भाजे व कार्ले येथे शिल्पकारांनी याच कातळातून लेणी कोरली. लोहगड आणि विसापूर हे दुर्गही त्याच्याच पाठीवर उभे आहेत. माणसाच्या इतक्या उद्योगांना ज्याने आधार दिला, त्या कातळाचे स्वतःचे वय तरी किती असेल?

हा कातळ अग्नीचे अपत्य आहे. फार प्राचीन काळी येथील भूमीला लांबच लांब भेगा पडल्या व त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर येऊन दूरवर पसरला. तो थिजून एक थर झाला. त्यावर दुसरा, मग तिसरा. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. पुढचा लाव्हारस येण्यापूर्वी मधे बराच काळ लोटला होता, याची ती खूण होय. असे थर आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेले आहेत. त्यांच्या खडकाला बेसाल्ट म्हणतात. या थरांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी लोणावळ्याचेच नाव दिले आहे.

या कातळाला जन्मतिथी कोणी लिहून ठेवलेली नाही. परंतु निसर्गाने त्याच्या पोटात एक घटिकापात्र ठेवले आहे. खडकातील पोटॅशियम या मूलद्रव्याचा एक अल्पसा भाग अस्थिर असतो. सुमारे १२५ कोटी वर्षांत तो निम्मा होतो आणि त्याच्या ठरावीक अंशापासून आर्गॉन हा वायू बनतो. लाव्हारस पातळ असेतो हा वायू निसटून जातो. रस थिजला, की तो आतच कोंडला जातो. म्हणून पोटॅशियम किती उरले आणि आर्गॉन किती साठला, हे मोजले म्हणजे वय कळते. तांबड्या पट्ट्यांतील ज्वालामुखीच्या राखेत झिर्कॉनचे सूक्ष्म स्फटिक सापडतात. त्यांतील युरेनियमचे हळूहळू शिसे होते. तेही असेच काळाची साक्ष देते. दोन्ही घड्याळे एकच उत्तर देतात : सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे!

आणि त्या बेसाल्टाच्या खाली काय आहे? कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्रे पाडली, तेव्हा काळ्या थरांखाली ग्रॅनाइट लागला. हा पाया बेसाल्टाहून कितीतरी पुरातन आहे. लोणावळ्याच्या काही थरांत ग्रॅनाइटाच्या रासायनिक खुणाही आढळतात. कारण वर येताना लाव्हारसाने वाटेतील जुना खडक वितळवून आपल्यात मिसळून घेतला होता.

ग्रॅनाइटाची दुसरी कथा समुद्रापार, सेशेल्स बेटांत सापडते. भर महासागरातील बेटे बहुधा बेसाल्टाची किंवा प्रवाळाची असतात. परंतु तेथील माहे बेट ग्रॅनाइटाचे आहे आणि त्याचे वय सुमारे ७५ कोटी वर्षे आहे. असा खडक भूखंडांचा असतो. मग तो समुद्राच्या मध्यभागी कसा आला? त्याचे उत्तर असे, की ही बेटे एकेकाळी भारताच्या पश्चिम किनाऱ्याला जोडलेली होती. माहेजवळच्याच सिलुएट बेटावर मात्र ग्रॅनाइट व त्याच्या जातीचे खडक केवळ सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांचे आहेत. भूखंड दुभंगत असता जो रस भूगर्भातच सावकाश निवाला, त्याचे हे खडक झाले. येथे लाव्हाचा महापूर येऊन गेला आणि त्यानंतर लवकरच सेशेल्स भारतापासून विलग झाले.

ज्या काळी हा लाव्हा वाहत होता, त्याच काळी महाकाय डायनोसॉर नष्ट झाले. तेव्हाच आजच्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड अशनीही कोसळला होता. मग अपराधी कोण? २०१९ साली दोन पथकांनी सह्याद्रीच्या थरांची वये एकाच वेळी प्रसिद्ध केली. एकाच्या मते मोठा उद्रेक अशनिपातापूर्वी हजारो वर्षे सुरू झाला होता; दुसऱ्याच्या मते बहुतेक लाव्हा त्यानंतर बाहेर पडला. हा वाद अद्याप मिटलेला नाही. तो मिटवणारा पुरावा कदाचित घाटातल्या एखाद्या बोटभर तांबड्या पट्ट्यात दडलेला असेल.

म्हणूनच हा कातळ केवळ खडी पाडण्याजोगा दगड नव्हे. कार्ल्याच्या लेण्यातील लेख जसा जपावयाचा, तसाच हा कोट्यवधी वर्षांचा लेखही जपावयास हवा. एक पान फाटले, तर ते पुन्हा लिहिता येणार नाही.

स्वाध्याय
१. दोन थरांमधील तांबडा पट्टा कशाची खूण आहे?
२. खडकाला ‘घटिकापात्र’ ही उपमा का शोभते?
३. माहे व सिलुएट येथील ग्रॅनाइटांत वयाचा फरक का आहे?
४. आपल्या गावाजवळील खडकाचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.